मोठं जहाज, छोटा खण

ऑफिसात कुणी क्रूझवर जाऊन आलं की पुढचे चार दिवस त्याला तेच तीन प्रश्न. खर्च किती आला? जेवण कसं होतं? आणि बोट लागली का? बॅगेत काय काय नेलं होतंस, हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं. दोन पार्टी ड्रेस, एक स्विमिंग कॉस्च्युम, गॉगल, सनस्क्रीन. बस्स!

पण मंडळी, जहाजावरचे तीन दिवस सुखाचे जातात ते पार्टी ड्रेसमुळे नाही. ते जातात वीस-तीस रुपयांच्या किरकोळ वस्तूंमुळे. लोहचुंबक, चिमटे, सेफ्टी पिना, आयकार्डची नाडी, चिकटणाऱ्या चिठ्ठ्यांचं पॅड... हसू नका. क्रूझ म्हणजे समुद्रात तरंगणारं दहा-अकरा मजली हॉटेल, हे मान्य. पण या हॉटेलच्या कोपऱ्यावर जनरल स्टोअर नसतं. जहाजावर दुकानं असतात, नाही असं नाही. तिथे परफ्युम मिळतो, घड्याळ मिळतं, महागडं चॉकलेट मिळतं. चिमटा मिळत नाही.

पर्समधलं जनरल स्टोअर

मी नायगावची. 'म्हणजे दादरचं नायगाव ना?' असं विचारणाऱ्यांसाठी खुलासा: नाही. भाईंदर सोडून खाडी ओलांडली की पहिलं स्टेशन लागतं ते आमचं. वसईच्या अलीकडचं. आणि आमच्याकडच्या बायकांना पॅकिंग कुणी शिकवावं लागत नाही. ते लेडीज डब्यात आपोआप होतं.

माझ्या आईने एकतीस वर्षं नायगाव-चर्चगेट केलं. तिच्या पर्सला बाजूला एक छोटा खण होता. त्यात सेफ्टी पिनांचा झुबका, केसांची दोन रबरं, सुई-दोरा, डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी, आवळासुपारीची डबी, समोशासारखी त्रिकोणी घडी घातलेली प्लास्टिकची पिशवी आणि एक पेन. चप्पलचा अंगठा तुटलेली, ब्लाऊजचं हुक निघालेली, गर्दीने घेरी आलेली, सगळ्या जणी फोर्थ सीटवर टेकलेल्या आईकडे यायच्या. ग्रुपमध्ये तिचं नावच 'मेडिकल अँड जनरल' पडलं होतं.

क्रूझची तयारी सुरू केली तेव्हा मी नेटवर परदेशी प्रवाशांच्या याद्या वाचत बसले होते. वीस-बावीस वस्तू लिहून काढल्या. आईने कागद वाचला आणि पर्सचा खण उघडून पुढ्यात उपडा केला. निम्म्या वस्तू तिथेच होत्या!

पण या वेळी प्रश्न फक्त सेफ्टी पिनांचा नव्हता.

बाबांची बायपास

वर्षभरापूर्वी बाबांची बायपास झाली. ऑपरेशन उत्तम झालं, तब्येत सुधारली, डॉक्टर खूश. पण घरात एक नवीनच दुखणं सुरू झालं, आणि ते आईला झालं होतं. बाबा दूध आणायला खाली उतरले की ही बाल्कनीत. स्टेशनपर्यंत गेले की दर दहा मिनिटांनी फोन. फोन नाही उचलला तर मला फोन. मी अंधेरीला मीटिंगमध्ये, आणि आई विचारतेय, 'बाबा फोन का उचलत नाहीयेत?' बाबांनी हळूहळू बाहेर जाणंच सोडून दिलं. भांडण नाही, तक्रार नाही. फक्त संध्याकाळी खाडीवर चक्कर मारणारा माणूस टीव्हीसमोर बसायला लागला.

म्हणून मी मुंबई-गोवा-मुंबई अशी तीन रात्रींची क्रूझ बुक केली. डॉक्टरांना आधी विचारलं. त्यांनी 'खुशाल जा' म्हणत प्रवासाला हरकत नसल्याची चिठ्ठीही लिहून दिली. अडलं ते आईचं. 'अगं, समुद्रात फोन लागत नाही म्हणे. हे कुठे गेले हे मला कळणार कसं?'

प्रश्न बरोबर होता. किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज जाते. जहाजावर वाय-फाय मिळतं, पण ते सॅटेलाइटवरचं आणि बहुधा वेगळे पैसे मोजून घ्यायचं. शिवाय काही जहाजांवर त्यांचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं. तुमचा फोन ते गुपचूप पकडतो आणि रोमिंगचं बिल बघून माणसालाच बोट लागते. तेव्हा धक्का सोडताच फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, हा पहिला नियम.

मग आईच्या प्रश्नाचं काय? सांगते. आधी बॅग भरू.

हातातली बॅग वेगळी

बोर्डिंगच्या वेळी मोठ्या बॅगा टर्मिनलवरच काढून घेतात. त्या तपासून केबिनपर्यंत यायला कित्येक तास जाऊ शकतात. तोवर तुमच्या हातात जे आहे तेवढंच तुमचं. त्यामुळे मूळ ओळखपत्र, परदेशात जाणारी क्रूझ असेल तर पासपोर्ट, औषधं, चष्मा, चार्जर आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेतच हवा. मुलांना पहिल्याच दिवशी पूलमध्ये उडी मारायची असेल तर त्यांचा कॉस्च्युमसुद्धा.

औषधांबाबत तर अजिबात तडजोड नको. गोळ्या डबीत सुट्या न भरता मूळ पट्टीतच ठेवा, प्रिस्क्रिप्शनची प्रत सोबत घ्या, आणि ट्रिप तीन दिवसांची असेल तर पाच दिवसांचा साठा न्या. जहाजावर डॉक्टर असतात, पण तुमच्या ब्रँडची बीपीची गोळी असेलच असं नाही. बाबांची छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी मी बॅगेत ठेवलीच नाही. ती त्यांच्या शर्टाच्या खिशात.

नायगावकरांसाठी एक्स्ट्रा टिप: बोर्डिंग दुपारी असतं म्हणून निवांत राहू नका. ट्रॉली बॅग घेऊन सकाळच्या गर्दीत चर्चगेट गाडीत चढणं म्हणजे चक्रव्यूह. आम्ही गर्दी ओसरल्यावरची गाडी पकडली. तरी आई म्हणालीच, 'जेवढी छातीशी धरता येते तेवढीच बॅग घ्यावी गं.' लोकलचा हा नियम जहाजालाही लागू. आतल्या बाजूच्या केबिनमध्ये तीन माणसं आणि तीन मोठ्या बॅगा म्हणजे पुन्हा विरार लोकल.

भिंती लोखंडी असतात, बॉस!

जहाजाच्या केबिनच्या भिंती आणि दारं बहुधा पोलादाची असतात. म्हणजे तिथे चुंबक चिकटतं. या एका गोष्टीने आख्खी केबिन बदलते. हुक असलेली चार-पाच चुंबकं न्या. टोप्या, ओढण्या, ओले नॅपकिन, पर्स, सगळं भिंतीवर. पलंगावर पसारा नाही. भिंतीत खिळा मारता येत नाही आणि चिकटपट्टीने रंग निघाला तर भरपाई मागतील. चुंबक मात्र निर्धोक. आईकडे संक्रांतीच्या वाणात आलेली फ्रिजची चुंबकं होती, दीड डझन. वर्षानुवर्षं बायका ती लुटतात आणि कुणाला कळत नाही त्यांचं करायचं काय. त्यांचं सार्थक झालं.

त्यानंतर नंबर आयकार्डच्या नाडीचा. ऑफिसची ती निळी नाडी गळ्यात घालायचा तुम्हाला कंटाळा आला असेल, पण ती घ्याच. केबिनचं कार्ड हीच तुमची किल्ली, तेच तुमचं पाकीट आणि जहाजातून चढता-उतरताना तेच तुमचं ओळखपत्र. नाइट पँटला खिसा नसतो आणि स्विमिंग कॉस्च्युमला तर नसतोच.

डेकवर वारा असा सुटतो की साडीचा पदर आणि ओढणी दोन्ही गोव्याला आपल्याआधी पोचतील. सेफ्टी पिना हव्यात. कपड्यांचे चिमटे तर बहुगुणी. खुर्चीवरचा टॉवेल उडू नये म्हणून, खाऊचं पाकीट बंद करायला, केबिनच्या पडद्यांमधली फट मिटवायला. ओले कपडे मात्र बाल्कनीच्या कठड्यावर वाळत घालू नका. बहुतेक जहाजांवर त्याला मनाई असते. बाथरूममध्येच दोरी बांधा.

आतल्या केबिनला खिडकी नसते. दिवा बंद केला की मिट्ट काळोख. सकाळ झाली की रात्र आहे, काही पत्ता लागत नाही. त्यात बाथरूमच्या दाराला उंच उंबरठा असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर बॅटरीवर चालणारा छोटासा रात्रीचा दिवा नेलाच पाहिजे. पन्नास-शंभर रुपयांचा हा दिवा मोडलेल्या हाडापेक्षा केव्हाही स्वस्त.

आता थोडं लाजेचं. परदेशी बांधणीच्या जहाजांवर बाथरूममध्ये जेट स्प्रे असेलच याची खात्री नसते. कागदावर भागवायची सवय नसेल तर प्लास्टिकचा छोटा मग न्या. कुणी हसत नाही, कारण प्रत्येकाच्या बॅगेत तो असतो. आणि टॉयलेट व्हॅक्युमवर चालतं, त्यात टिश्यूशिवाय काहीही टाकू नका.

सॉकेट कमी असतात, आणि जहाज कुठे बांधलंय त्यावर त्यांचा आकार ठरतो. अमेरिकन चपट्या पिनांचा आणि युरोपियन दोन गोल पिनांचा, असे दोन्ही अ‍ॅडॉप्टर ठेवा. एकाच वेळी तीन-चार फोन लावता येतील असा यूएसबी चार्जर बेस्ट. पण सर्ज प्रोटेक्टर असलेली एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका. जहाजातली वीजजोडणी घरच्यासारखी नसते, तिथे अशा बोर्डांमुळे आग लागण्याचा धोका असतो. तपासणीत काढून घेतात. तीच गत इस्त्रीची, किटलीची, मेणबत्तीची, लायटरची आणि हो, उदबत्तीचीही. आईने बॅटरीवरची पणती नेली. गणपतीबाप्पाने चालवून घेतलं.

बोट लागू नये म्हणून

आमच्या नायगावचीही एक क्रूझ आहे. खाडीतल्या पाणजू बेटावर जाणारी होडी. बसलो न बसलो तोच बेट येतं, त्यामुळे बोट लागायला वेळच मिळत नाही. खुल्या समुद्राचं तसं नाही. मोठी जहाजं स्थिर असतात, पण हलत नाहीत असं नाही.

बुकिंग करतानाच जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची केबिन मागा. सी-सॉच्या मधोमध बसलं की झोका कमी लागतो, तोच फंडा. मळमळायला लागलं की मोबाइलमध्ये डोकं घालू नका, डेकवर या आणि क्षितिजाकडे बघा. आल्याची वडी, आवळासुपारी, लिंबू हे आपले जुने साथीदार आहेतच. अ‍ॅव्होमीनसारखी गोळी घ्यायची तर ती उलटी सुरू होण्याआधी घ्यायची असते, आणि तिने झोप येते. बीपी, शुगर, हृदयाची औषधं चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आम्ही विचारूनच निघालो होतो.

खाऊचंही विचारून घ्या. घरी शिजवलेलं बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत, सीलबंद कोरड्या खाऊबद्दल प्रत्येकाचे नियम वेगळे. आम्ही वसईची सुकेळी घेतली होती. राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली, मधासारखी गोड. ती आम्ही टर्मिनलवर रांगेतच संपवली. कोण रिस्क घेणार?

आजीची वळकटी

आपल्याकडे 'क्रूझ' हा शब्द तसा नवा. सुपरस्टार लिब्रा २००५मध्ये मुंबईत आली, आंग्रिया २०१८मध्ये, कर्णिका २०१९मध्ये. या तिन्ही आता इथून निघत नाहीत. कॉर्डेलिया २०२१मध्ये आली. बॅलार्ड पिअरच्या नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५मध्ये झालं. पण याच समुद्रातून, याच दिशेने आपली माणसं कितीतरी आधीपासून जात होती. त्याला कुणी क्रूझ म्हणत नव्हतं. 'बोटीने गावाला जायचं' म्हणत.

बाबा लहानपणी, सत्तरच्या दशकात, आजीबरोबर मे महिन्यात 'कोकण शक्ती'ने मालवणला जायचे. भाऊच्या धक्क्यावरून बोट निघायची. डेकवर जागा पकडायची, वळकटी पसरायची, रात्र तिथेच. आजीचं पॅकिंग म्हणजे वळकटी, फिरकीचा तांब्या, लिंबं आणि दशम्या. आणि रात्री झोपताना ती स्वतःच्या पदराचं टोक बाबांच्या सदऱ्याला गाठ मारून ठेवायची. पोरगं उठून कठड्याशी जाऊ नये म्हणून.

तिची भीती उगाच नव्हती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या घराघरात ती आठवण पुढे कित्येक वर्षं जिवंत होती.

म्हणूनच सांगते, जहाजावर चढल्यावर जी सुरक्षेची ड्रिल होते ती चुकवून बुफेच्या रांगेत उभं राहू नका. टायटॅनिक १९१२मध्ये बुडाली आणि दोन वर्षांनी समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. जानेवारी २०१२मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया आपटली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची ड्रिल व्हायचीच होती. बत्तीस जण दगावले. त्यानंतर नियम कडक झाला: ड्रिल जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणीच. लाइफ जॅकेट कुठे आहे आणि आपण कुठे जमायचं, ही माहिती बॅगेत मावत नाही. ती डोक्यात न्यायची असते.

पिवळ्या चिठ्ठ्या

आता आईच्या प्रश्नाकडे येते.

बाबांना एकच गोष्ट करायची होती. पहाटे डेकवर जाऊन सूर्योदय बघायचा. एकट्याने. आई म्हणाली, 'एकट्याने नाही. मी येते.' आईचे गुडघे बघता रोज पहाटे तिला जिने चढवणं बरोबर नव्हतं, आणि बाबांना सोबत नको होती असंही नाही. त्यांना परवानगी नको होती.

मी चिकटणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्यांचं पॅड आणि पेन काढलं. केबिनच्या दारावर आतून चुंबक लावलं आणि नियम सांगितला. जो बाहेर जाईल त्याने तीन गोष्टी लिहायच्या: कुठे, किती वाजेपर्यंत, आणि काही खास. हा नियम तिघांनाही. मलाही.

'एवढ्याशा कागदाने काय होणार?' आई म्हणाली.

पहिल्या पहाटे जाग आली तेव्हा बाबांचा पलंग रिकामा होता. रात्रीच्या दिव्याच्या उजेडात आई दाराशी उभी राहून वाचत होती. 'दहावा डेक, डावी बाजू. पावणेसातला परत. गोळी खिशात आहे.' गोव्याकडे जाताना पूर्व डावीकडे येते, हे बाबांना पन्नास वर्षांनीही आठवत होतं.

आई परत येऊन पलंगावर बसली. हात सारखा फोनकडे जात होता, आणि फोन बंद होता. मी चहाला जाऊ या म्हटलं तर नको म्हणाली. सहा वाजले, सव्वासहा झाले. साडेसहाला ती उठली, पायात चप्पल घातली, दाराचा खटका धरला. पुन्हा चिठ्ठी वाचली. चप्पल काढून ठेवली.

सहा चाळीसला दार उघडलं. बाबांचे केस वाऱ्याने उभे राहिले होते. 'किनारा नाही दिसला गं,' ते म्हणाले, 'पण सूर्य दिसला.' मग बराच वेळ ते आजीच्या पदराच्या गाठीबद्दल बोलत होते. आईला ही गोष्ट लग्नानंतर छत्तीस वर्षांनी पहिल्यांदा कळली. ती ऐकून घेत राहिली. मधेच म्हणाली, 'मग तुम्ही गाठ सोडवून पळायचात का?' बाबा म्हणाले, 'कधीच नाही. पण झोपही लागायची नाही.'

आई काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा गेले तेव्हा ती झोपून राहिली. झोपली होती की नाही माहीत नाही, पण उठून दाराशी गेली नाही. आणि तिसऱ्या दिवशी मी आणि बाबा उठलो तर आईच नव्हती! दारावर तिच्या ठळक अक्षरात चिठ्ठी: 'चहाला गेले आहे. साडेसातपर्यंत. उठवू नका, म्हणजे मला उठवायला येऊ नका.'

नायगावला परतून आता तीन महिने झाले. पिवळ्या चिठ्ठ्या फ्रिजवर आल्यात, संक्रांतीच्या त्याच चुंबकाखाली. 'बंदरावर. साडेसहापर्यंत. गोळी आहे.' मला मीटिंगमध्ये येणारे फोन थांबलेत असं म्हणणार नाही. दिवसाला आठ यायचे, आता एखादा येतो.

झटपट यादी: छोट्या खणात काय काय?

- हुक असलेली चार-पाच चुंबकं
- आयकार्डची नाडी
- सेफ्टी पिना, चिमटे, पातळ नायलॉनची दोरी
- बॅटरीवरचा रात्रीचा दिवा
- दोन्ही प्रकारचे अ‍ॅडॉप्टर, यूएसबी चार्जर, पॉवर बँक
- औषधं मूळ पट्टीत, प्रिस्क्रिप्शनची प्रत, दोन दिवसांचा जादा साठा
- आल्याच्या वड्या, आवळासुपारी
- ओल्या कपड्यांसाठी झिप लागणाऱ्या दोन-तीन पिशव्या
- पातळ जाकीट किंवा शाल. डेकवर वारा, आत एसी
- छोटा मग
- गोव्यात उतरल्यावर लागतील म्हणून सुटे पैसे
- चिकटणाऱ्या चिठ्ठ्या आणि पेन. पेन दोन न्या, एक आई घेते!